नाम लिहिताना : एका विद्यार्थिनीच्या कामाविषयी



या पानांवर एरवी ग्रंथाचे परीक्षण असते. एखादी सार्थ गाथा येते, कुणा महाराजांच्या निरूपणांचे पुस्तक येते, आणि त्यातले काय घ्यावे, काय सोडावे, हे आपण मिळून पाहतो. या वेळी माझ्यापुढे ग्रंथ नाही. एका मुलीची कापडी बांधणीची मोठी फाईल आहे. आमच्या दिंडीच्या विणेकऱ्यांची ही नात. ती उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असून ग्राफिक डिझाइन हा तिचा विषय आहे. वर्षभरात केलेली पाच कामे घेऊन ती घरी आली आणि म्हणाली, "आबा, कॉलेजात सगळ्यांनी पाहिलं. आता तुम्ही सांगा. तुम्ही छापखान्यात होता आणि वारीतही असता."

तिला कौतुक नको होते. आणखी एक कारण होते. पाचांपैकी एक काम यंदा दिंडीच्या खर्चाने छापायचे ठरले आहे. पैसे एकापुरतेच आहेत. पंचमंडळींना बोधचिन्ह आवडले आहे, मला दुसरेच काही. म्हणून हा विचार तुमच्यापुढे मांडतो.

कुणी म्हणेल, विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे एवढे काय? वाचकहो, खिशातली नोट काढून पाहा. तिच्यावरचे रुपयाचे चिन्ह २०१० साली मंजूर झाले. ते काढणारे डी. उदयकुमार त्या वेळी मुंबईच्या आयआयटीत पीएच.डी. करत होते. देवनागरी र आणि रोमन आर यांची ती सांगड आहे, आणि वरची रेघ आपल्या शिरोरेघेची आठवण देते. शिकणाऱ्याच्या टेबलावरून निघालेली रेघ अशी घराघरांत जाते. आपल्या संप्रदायाला तर अक्षराचे ऋण मोठे आहे. तुकोबांची गाथा वह्यांतून छापखान्यात आली. विष्णुशास्त्री पंडितांनी सिद्ध केलेली प्रत १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघाली. आज तुमच्या हातात गाथा असते तेव्हा तुकोबा आणि तुम्ही यांच्यामध्ये लेखनिक असतो, खिळे जुळवणारा असतो आणि आता संगणकावर पान मांडणाराही असतो. मधल्या माणसाने हात नीट ठेवला नाही तर अभंगाला डाग लागतो.

आता कामे पाहू.

पहिले काम एका शब्दाचे आहे : विठ्ठल. गुरुजींनी कोणताही एक शब्द घेऊन अक्षरांकन करायला सांगितले होते. तिने हे नाव घेतले. हा शब्द दिसतो त्याहून अवघड आहे. सुरुवातीलाच ऱ्हस्व वेलांटी, जी आपण बोलतो नंतर आणि लिहितो आधी. मध्ये ठ खाली ठ, म्हणजे शब्दाची उंची एकाच जागी दुप्पट होते. शेवटी ल. तिने बोरूने शंभरेक वेळा लिहून पाहिले आहे आणि ते सगळे कागद जपून ठेवले आहेत. शेवटच्या कागदावर खालचा ठ वरच्या ठच्या पोटाशी असा बसला आहे की दोन्ही वर्तुळे वेगळी दिसतात आणि तरी अक्षर एकच राहते. हे साधलेले आहे. वेलांटीचा फराटा मात्र तिने फार लांबवला. तो ठच्याही डोक्यावरून जातो आणि नाव त्याच्याखाली दबते. फराट्याची हौस कमी केली तर हे काम निर्दोष होईल.

पण बोरू ठेवून ती संगणकाकडे वळली तिथे घोटाळा झाला. पोस्टरच्या पहिल्या प्रतीत वेलांटी व च्या पुढे जाऊन पडली आहे आणि जोडाक्षर फुटून पहिल्या ठ च्या पायाला हलन्त लटकला आहे. चूक तिची एकटीची नाही. चित्रे आणि पाने मांडण्याच्या कित्येक परदेशी सॉफ्टवेअरांत भारतीय लिप्यांसाठीची जुळणी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही, तर यंत्र प्रत्येक खूण नुसती एकापुढे एक ठेवत जाते. कधी फाँटमध्येच जोडाक्षर नसते. गावोगावच्या फ्लेक्सवर देवाचे नाव असे फुटलेले आपण पाहतो आणि पुढे जातो.

इथे मला माझेही सांगितले पाहिजे. मी खिळे जुळवत होतो तेव्हा अभंगांचे पुस्तक हाती आले की ठ्ठचा कप्पा सगळ्यांत आधी रिकामा व्हायचा. ते जोडाक्षर कमी पडले तर आम्ही दुसऱ्या छापखान्यातून उसने आणत होतो, पण नाव तोडत नव्हतो. पुढे संगणक आला. जुन्या फाँटातला मजकूर नव्यात नेताना एका हरिपाठात नाव पानोपानी फुटले. मी मुद्रिते तपासणारा. मला ते दिसले होते. पण वारी तोंडावर होती, प्लेटा झाल्या होत्या, आणि "लोक समजून घेतात" असे म्हणून मी सही केली. वाटेत एका माउलीने ते पुस्तक माझ्यापुढे धरून विचारले, "हे कुणाचं नाव हो?" तिला वाचता येत होते, म्हणून तर तिने विचारले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. म्हणून या मुलीच्या पोस्टरवर मी पहिली खूण केली ती त्या ठ वर.

दुसरे काम दिंडीसाठी काढलेले बोधचिन्ह. पंचांना आवडले ते हेच. काळ्या एका आकारात मुकुट, मकरकुंडले, कमरेवरचे हात. दुरून ओळखू येते, छोटे केले तरी टिकते, एका रंगात छापता येते. कॉलेजात या तीन गोष्टींना गुण मिळतात, आणि ते रास्त आहे. पण वाचकहो, हे चिन्ह कमरेखाली संपते. खाली पाय नाहीत, वीटही नाही. मी विचारले, का? ती म्हणाली, "आबा, पाय घेतले की आकार उंच होतो, गोलात बसत नाही."

गोलात बसत नाही म्हणून पाय कापले! पंढरीत आपण कशासाठी उभे राहतो? मुखदर्शनाची रांग वेगळी, पदस्पर्शाची वेगळी, आणि ज्याला पायांवर डोके ठेवायला मिळाले तो घरी येऊन तेच सांगतो. वीट तर सगळ्या कथेचे मूळ आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, देव दारी आला, त्याने वीट पुढे सारली आणि थांबायला सांगितले. कमरेवर हात ठेवलेली आकृती कुणाचीही असू शकते. ती विठोबाची होते ती विटेमुळे. चिन्ह काढताना काय गाळावे ही मोठी विद्या आहे, हे मान्य. पण ज्याच्यामुळे अर्थ उभा राहतो ते गाळून आकार वाचवला, तर उरलेला आकार कशाचा? माझी सूचना साधी आहे : गोल सोडावा. हवे तर मुकुट आखूड करावा, कुंडले गाळावीत, पण खाली एक आडवा चौकोन आणि त्यावर दोन पाय ठेवावेत.

तिसरे काम वारीचे पोस्टर. दिवेघाटाची नागमोडी वाट आणि तिच्यावर हजारो भगवे ठिपके. ठिपक्यांतून विठोबाचा आकार उमटतो. कल्पना सुबक आहे, पण पूर्वी पाहिलेली आहे. माझी अडचण मात्र वेगळी. वारीत माणूस ठिपका नसतो. तिथे ओळख नसलेला माणूस तुमच्या पायांना हात लावतो आणि तुम्हाला माउली म्हणतो. आकाशातून पाहिले तर गर्दी दिसते, वाटेवरून चालले तर समोरचा चेहरा. हे पोस्टर काढणारी मुलगी दर वर्षी आळंदी ते सासवड पायी चालते. चित्र मात्र तिने न चाललेल्याच्या डोळ्यांनी काढले.

चौथे काम वाटेत वाटायच्या लाडवांच्या पाकिटाचे. घड्या नेमक्या आहेत, डिंक न लावता पाकीट बंद होते, छपाई दोनच रंगांत. तिच्या हाताची शिस्त इथे दिसते. पाकिटाच्या चारही बाजूंना विठोबाचे मुख आहे. मी एकच विचारले, "लाडू संपल्यावर हे कुठे जाईल?" पालखी पुढे गेल्यावर मागचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना उत्तर माहीत आहे. कुणी म्हणेल, नामदेवरायांनी तर आपण होऊन महाद्वाराची पायरी मागितली, मग पायदळी येण्याचे एवढे काय? पण नामदेवांनी पायरी स्वतःसाठी मागितली होती. देवाचे मुख चिखलात टाकायला त्यांनी सांगितले नाही. जी वस्तू तासाभरात फेकली जाणार, तिच्यावर काय छापू नये, हेही डिझाइन शिकणाऱ्याने ठरवायचे असते. नुसता तुळशीच्या पानाचा रंग आणि "प्रसाद" एवढा शब्द पुरला असता.

पाचवे काम हरिपाठाचे पुस्तक. फाईलीत ते सगळ्यांत खाली होते. कॉलेजात त्याला सर्वांत कमी गुण मिळाले. शेरा असा, की यात डिझाइन दिसत नाही. मी तेच सगळ्यांत जास्त वेळ पाहत बसलो.

तिच्या आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. हरिपाठ संध्याकाळचा, म्हणजे वाटेवर राहुटीत एका बल्बच्या उजेडात. बाजारातल्या पुस्तिकांचे अक्षर बारीक. तिने आजीला विचारले, "तुला तर पाठ आहे, मग पुस्तक कशाला?" आजी म्हणाली, "पाठ आहे गं, पण बोट ठेवायला अक्षर लागतं."

या एका वाक्यावर मुलीने काम उभे केले. पहिली प्रत तिने भगव्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत काढली होती. फाईलीत ती आहे, दिसायला देखणी. रात्री बल्बखाली आजीला एक ओळ दिसली नाही. दुसरी गुळगुळीत कागदावर, तर उजेड परतून डोळ्यांवर आला. तिसरी फिकट, खरबरीत कागदावर काळ्या शाईची, वीस पॉइंट अक्षराची. आता दिसू लागले, पण ओळ पानात मावेना. हरिपाठाचा छंद सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चरणांचा. लहान पुस्तकात दोन चरण एका ओळीत धरले की मोठे अक्षर कुठेतरी शब्दाच्या मध्येच मोडते. तिने प्रत्येक चरणाला स्वतंत्र ओळ दिली. म्हणताना जिथे श्वास घेतो तिथेच ओळ संपते, आणि बोट तिथूनच खाली उतरते. दोन ओळींत अंतर इतके, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला लागत नाही. एक अभंग उलटून मागच्या पानावर जात नाही, समोरासमोरच्या दोन पानांत पुरा होतो. याला डिझाइन म्हणायचे नाही, तर कशाला?

दोष इथेही आहेत. पाने वाढल्यामुळे पुस्तक पडशीत जड होते. कागद थोडा पातळ घ्यावा, पण मागची छपाई दिसेल इतका नाही. प्रत्येक पानाभोवतीची तुळशीची वेल काढावी, तिने समासाची जागा खाल्ली आहे. आणि ल पाहा. आपला मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला देठाचा. आपला श शेंडीचा, तिकडचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा मराठीसाठी पाकळीचा ल आणि शेंडीचा श ठरवला. पुष्कळ फाँटांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगितले नाही तर ते हिंदीचे रूप पुढे करते. इतके मोठे अक्षर केल्यावर परका ल अधिकच डोळ्यांत येतो. हे काम एका दिवसाचे आहे. ते झाल्याशिवाय पुस्तक छापू नये.

सज्जनहो, पाचही कामे एकाच मुलीची. पहिल्यात हात आहे, दुसऱ्या-तिसऱ्यात नजर आहे, चौथ्यात शिस्त आहे. पण ज्या कामात तिने आपल्यासमोर एक माणूस बसवला, त्याच कामात हे सगळे एकत्र आले. आजीची सेवा करता करता तिने देवाला थोडे थांबायला सांगितले, आणि आपल्या संप्रदायात त्याला कमीपणा मानत नाहीत. बोधचिन्ह काढताना तिने वीट गाळली होती. हरिपाठ मांडताना ती तिच्या हाती आली, असे मी तिला सांगितले. ती हसली, मग म्हणाली, "पण आबा, नोकरीला हे दाखवलं तर कुणी बघेल का?" मी तिला खोटा धीर दिला नाही. तिन्ही प्रती त्याच क्रमाने दाखव म्हटले, भगवी आधी. बघणारा शहाणा असेल तर तिसरीपाशी थांबेल.

पंचांच्या बैठकीत मी हरिपाठाच्या बाजूने बोलणार आहे. बोधचिन्ह पुढच्या वर्षी, पायांसह. निर्णय त्यांचा. तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. यंदा तुमच्या दिंडीचा फलक, पत्रिका, पुस्तिका, जे काही छापाल, ते छापायला देण्याआधी विठ्ठल हा एक शब्द बोट ठेवून वाचा. वेलांटी आधी आहे का, ठ खाली ठ आहे का, ल आपला आहे का, एवढे पाहा. फुटलेले दिसले तर दुरुस्त होईपर्यंत सही करू नका. मी एकदा केली होती.

रामकृष्ण हरि.