विळ्यावरचे तांबे आणि मुक्त विद्यापीठ

डॉ. राम ताकवले हे नाव भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बहुधा एका पुस्तकामुळे ठाऊक असते. पुराणिक यांच्यासह त्यांनी लिहिलेले अभिजात यामिकीवरील इंग्रजी पाठ्यपुस्तक आमच्या पिढीनेही पदवीच्या वर्गात वापरले. शिक्षकांना मात्र ते परिचित आहेत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने १९८९ साली शेतकरी, कामगार आणि गृहिणी यांच्या शिक्षणाचे काम अंगावर घ्यावे, ही आपल्याकडे नित्य घडणारी गोष्ट नव्हे. पुढे ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा गौरव झाला, तो योग्यच होता. परंतु एखाद्या वैज्ञानिकाच्या कार्याचा खरा आदर त्याची चिकित्सा करण्यात असतो. म्हणून येथे ती थोडक्यात करीत आहोत.

जमेच्या बाजूने सुरुवात करू. बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने पदवीकडे जाता येईल, ही व्यवस्था नाशिकने केली. स्वतःच वाचून शिकता येतील अशी मराठी पुस्तके तयार केली. फळबाग, भाजीपाला यांसारखे विषय विद्यापीठाच्या पदविकेत आले. नोकरी सांभाळून बी.एड. झालेले कितीतरी शिक्षक आज हे पान वाचत असतील. शिक्षण हे कोवळ्या वयातच उरकून घ्यायचे काम आहे, या समजाला या विद्यापीठाने मोठा धक्का दिला.

आता आमचा आक्षेप. विद्यापीठाचे ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ आणि गंगापूर धरणाजवळच्या त्याच्या आवाराचे नाव आहे ‘ज्ञानगंगोत्री’. गोदावरीलाच गंगा म्हणणाऱ्या नाशिककरांना हे शब्द सहज आवडावेत. पण रूपकाचाही एक हिशेब असतो. उगम विद्यापीठात, तर विद्यार्थी कोठे? तो चारीच्या टोकाशी, पाण्याची वाट पाहत बसलेला. प्रौढ शिक्षणाच्या बाबतीत हे चित्र वस्तुस्थितीला धरून नाही. वीस वर्षे बाग सांभाळणारा माणूस रिकामी घागर घेऊन अभ्यासकेंद्रावर येत नाही.

एक उदाहरण पाहू. द्राक्षबागेत केवड्याच्या, म्हणजे डाउनीच्या, बंदोबस्तासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी करून मग एकत्र करतात. मिश्रण ठीक झाले का, हे पाहण्यासाठी अनुभवी बागायतदार त्यात स्वच्छ घासलेला विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला की तो आणखी चुन्याची निवळी घालतो. दहावीच्या वर्गात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून आपण जी विस्थापन अभिक्रिया दाखवतो, ती हीच. लोखंड हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे द्रावणात उरलेले तांबे पात्यावर येऊन बसते.

यावरून बागायतदाराला सर्व काही कळते असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. विळा एकच गोष्ट सांगतो : चुना कमी पडला आहे. चुना जास्त झाला तर पाते स्वच्छच राहते आणि विळा गप्प बसतो. तेथे सामू मोजणारा कागद लागतो. येथे विज्ञानाचे शिक्षण त्याच्या हातात काही नवे देते, आणि त्याचा विळा आपल्याला शिकवण्यासाठी एक उत्तम प्रयोग देतो. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच ते प्रौढांचे शिक्षण.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये अध्यापन सुरू केले, तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचे साहित्य घरपोच पाठवले. त्यात एक छोटा सूक्ष्मदर्शकही होता. प्रयोगशाळेवाचून विज्ञान नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडच्या कष्टकरी विद्यार्थ्याची तर प्रयोगशाळा आधीच उभी आहे. बाग, गोठा, लेथ, वर्कशॉप. तेथली निरीक्षणे गुणपत्रिकेपर्यंत पोहोचली पाहिजेत. ‘केवडा रोगाची कारणे लिहा’ हा प्रश्न पाठांतराने सुटतो. ‘आपल्या बागेत सात दिवस रोज सकाळी पाने किती वेळ ओली राहिली याची नोंद करा आणि कोणती फवारणी टाळता आली असती ते कारणासह सांगा’ हा प्रश्न बागेत गेल्याशिवाय सुटत नाही. केवड्याच्या बीजाणूंना पानावर पाणी लागते, भुरीला ते लागत नाही, हा भेद अशा नोंदींतून पक्का होतो.

असे शिक्षण विद्यापीठाबाहेर घडल्याचा दाखला नाशिक जिल्ह्यातच आहे. ओझर येथे समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने वाघाड कालव्याच्या शेवटाकडील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभारल्या. पाणी घनमापनाने घ्यायचे म्हणजे प्रवाह मोजणे आले, हिशेब आला, वाटपाचे भांडण आकड्यांनी मिटवणे आले. पदविका कोणालाच मिळाली नाही, तरी हे अस्सल विज्ञानशिक्षण होते. कालव्याच्या टोकाला बसलेल्यांनीच ते उभे केले, हे विशेष.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत कारागिराच्या पूर्वज्ञानाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आली. ताकवले यांनी उघडलेल्या दाराचेच हे पुढचे पाऊल मानता येईल. मात्र ‘येते का?’ एवढेच विचारून प्रमाणपत्र दिले आणि ‘असे का होते?’ हे विचारलेच नाही, तर कामगार उद्या यंत्र बदलताच पुन्हा अडाणी ठरेल. कौशल्याला कारणाची जोड देणे हे विज्ञानशिक्षकाचे काम आहे. ते दुसऱ्या कोणाला जमण्यासारखे नाही.

ताकवले यांनी दार उघडले, ते ऋण मोठे आहे. आत आलेल्या माणसाला आपण काय विचारतो, यावर त्या कार्याचे अंतिम मोल ठरेल. आपल्यापैकी जे अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक म्हणून जातात, त्यांनी पुस्तक उघडण्यापूर्वी दहा मिनिटे समोरच्या माणसाला त्याच्या कामातील एखादी खूण विचारावी आणि तिचे कारण त्याच्यासह शोधावे. शाळेतही हे करता येईल. पुढच्या वेळी खिळ्याचा प्रयोग दाखवताना मोरचूद विषारी आहे हे बजावून एवढेच विचारा : “तुमच्यापैकी कोणाच्या घरी फवारणीआधी विळा बुडवतात?” निफाड-दिंडोरीच्या वर्गात दोन-चार हात नक्की वर जातील. धडा तेथून सुरू करावा.