जमीनदाराने सादर केलेली आभाराची पत्रं

सर रॉबर्ट गोर-बूथ (१८०५–१८७६) हे आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्याचे जमीनदार आणि चौथे बॅरोनेट. लिसाडेलचा वाडा त्यांनीच बांधला. १८५० पासून मरेपर्यंत ते स्लायगोचे खासदार होते. पण त्यांचं चरित्र लिहिणारा अडतो तो १८४७ वर.

बटाट्याच्या दुष्काळात त्यांनी लोकांना अन्न दिलं. त्याच वर्षी ‘इओलस’, ‘यिओमन’ आणि ‘लेडी सेल’ या जहाजांतून आपली कुळं आजच्या कॅनडातल्या सेंट जॉन बंदराला पाठवली. म्हातारी, दुबळी माणसं आमच्या गळ्यात मारली, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची तक्रार. लॉर्ड्सच्या समितीपुढे सरांनी ती खोडून काढली; त्या साक्षीसोबत कुळांची आभाराची पत्रंही छापली गेली.

मग प्रश्न मिटला? थांबा. पत्रं खरी असतीलही. पण ती पुढे कोणी केली? ज्यांच्यावर ठपका होता, त्यांनीच. आणि मागे राहिलेले आईबाप अजून त्याच जमीनदाराची कुळं असतील, तर पत्रात तक्रार कोण करेल? शिवाय जे वाटेत तापाने गेले, त्यांचं पत्र येणारच नव्हतं.

म्हणून ही पत्रं फेकू नका. मजुरी, काम, नातेवाइकांची ओढ यासाठी ती सोन्यासारखी आहेत. फक्त जमीनदाराच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून वापरू नका. ‘सर चांगले की वाईट’ याआधी विचारा: हा कागद माझ्यापर्यंत कोणी पोचवला, आणि कशासाठी?