‘आज्ञापत्रा’तील टोपीकर-नीती : एक पुनर्मूल्यांकन

शेजारी वाढत्या बळाची सत्ता उभी राहत असता राज्याने तिच्याशी कसे वागावे, या प्रश्नाचा मराठी गद्यातील सर्वांत गंभीर विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आढळतो. इ. स. १७१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथातील साहुकार-प्रकरणात टोपीकरांविषयी जो मजकूर आहे, तो दूरदृष्टीचा नमुना म्हणून वारंवार पुढे केला जातो. १८१८ मधील राज्यनाशाच्या प्रकाशात वाचला गेल्यामुळे त्याला भविष्यवाणीचे स्वरूप आले आहे. परंतु ही प्रशंसा ग्रंथाला न्याय देणारी नाही. भविष्यवाणी म्हटले की तिच्यापुढे मान तुकवावी लागते. राजनीतीच्या ग्रंथाची मात्र परीक्षा केली पाहिजे.

ग्रंथकार प्रथम साहुकाराची महती सांगतो. साहुकारामुळे राज्य आबाद होते, दुर्मिळ वस्तू राज्यात येतात, संकटकाळी कर्ज मिळते. या स्तुतीनंतर लगेच तो पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फ्रेंच आदी टोपीकरांना इतर साहुकारांपासून वेगळे काढतो. या व्यापाऱ्यांच्या पाठीशी त्यांचे त्यांचे राजे आहेत, हे त्या भेदाचे कारण होय. कौटिल्याच्या मंडलविचारात शेजारी राजाचे शत्रुत्व मुख्यतः त्याच्या राज्याच्या स्थानावरून ठरते. येथे ते शेजाऱ्याच्या संघटनेच्या स्वरूपावरून ठरविले आहे. व्यापार आणि राज्यविस्तार एकाच हाताने करणारी सत्ता ही नवी वस्तू आहे, हे ग्रंथकाराने ओळखले.

ही ओळख अनुभवातून आलेली होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफांचे साहाय्य केले आणि त्याचे फळ म्हणून १६६१ मध्ये शिवाजीमहाराजांनी ती वखार लुटली. पोर्तुगीज तर गोवे आणि वसई येथे प्रत्यक्ष भूमी धरून बसलेले होते, आणि मुंबई १६६८ पासून कंपनीच्या ताब्यात होती. टोपीकर दूरदेशीचे असले तरी कोकणपट्टीत ते शेजारीच झाले होते.

त्यांच्यावरील उपाय सांगताना ग्रंथकार दोन्ही टोके टाळतो. त्यांना हाकून द्यावे असे तो म्हणत नाही. मोकळीक द्यावी असेही म्हणत नाही. व्यापार चालू द्यावा. वखारीस जागा देणे भागच पडले तर ती समुद्रतीरी अथवा खाडीलगत न देता आत, मोठ्या नगरांच्या जवळ, सखल भागी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. त्यांचे बळ आरमार आणि तोफा-दारूगोळा यांत आहे. ते बळ जेथे पोचू शकणार नाही तेथेच त्यांना ठेवावे, हे या नियमांमागील सूत्र होय.

हे प्रकरण आरमाराच्या प्रकरणाशी जोडून वाचले नाही तर विचार अर्धाच हाती लागतो. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून ग्रंथकार त्याच्या खर्चासाठी मुलूख नेमून देण्यास सांगतो. बंदरांच्या उत्पन्नावर त्याचा भार टाकल्यास व्यापाऱ्यांस उपद्रव होऊन व्यापारच बुडेल, अशी त्याची भीती आहे. जहाजांसाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडण्यासही तो मनाई करतो. बलवान शेजाऱ्याच्या धास्तीने आपल्याच प्रजेला आणि व्यापाऱ्याला नागवू नये, हा विवेक टोपीकरांवरील संशयापेक्षाही मोलाचा आहे. तथापि अवतरणे देणाऱ्यांच्या नजरेतून नेमका तोच निसटतो.

ग्रंथाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. टोपीकरांचे बळ कशात आहे हे तो सांगतो. ते बळ निर्माण कसे होते याचा शोध घेत नाही. राजा बदलला तरी न मोडणारी त्यांची व्यापारी संघटना, नौकानयनाचे त्यांचे शास्त्र, तोफा ओतण्याची त्यांची विद्या यांविषयी त्याला जिज्ञासा नाही. शेजाऱ्याला कोठे उभे राहू द्यावे, हा त्याचा प्रश्न आहे. शेजाऱ्यापासून काय शिकावे, हा नाही.

परंतु याहून मोठी उणीव ग्रंथाबाहेरची आहे. हा उपदेश ज्या राज्यासाठी लिहिला गेला ते दुभंगलेले होते. १७१४ च्या प्रारंभी बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्रे यांस शाहूच्या पक्षास वळविले; त्याच वर्षी कोल्हापुरास ताराबाईंच्या पक्षाचा पाडाव होऊन दुसरे संभाजी गादीवर आले. म्हणजे आरमाराचे प्रकरण लिहिले गेले तेव्हा मराठ्यांचे सर्वांत समर्थ आरमार कोल्हापूरच्या आज्ञेत उरले नव्हते. पुढे १७५५ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजीच्या उद्दामपणाविषयी पेशव्यांची तक्रार निराधार नव्हती. पण घरचा तंटा मिटविण्यासाठी त्यांनी ज्या सत्तेला हाती धरले, तिच्याविषयीच हा सावधगिरीचा इशारा चाळीस वर्षांपूर्वी लिहिला गेला होता.

यावरून ‘आज्ञापत्रा’चा उपदेश व्यर्थ होता असे ठरत नाही. वखारीची जागा, इमारतीची बंदी, आरमाराचा खर्च या प्रत्येक नियमाने एक गोष्ट गृहीत धरली आहे : आज्ञा देणारा एक आहे आणि ती सर्वत्र पाळली जाते. शेजाऱ्याविषयीचे धोरण हे अखेर घरातील एकवाक्यतेचे धोरण असते. ग्रंथाने हे स्पष्ट शब्दांत मांडले नाही. त्याच्या नियमांची जी गत झाली तिने ते सिद्ध केले. म्हणून अभ्यासकाने या प्रकरणाकडे भाकीत म्हणून न पाहता, योग्य निदान झालेल्या परंतु औषध देणारा हात दुभंगलेल्या रोग्याची हकीकत म्हणून पाहणे अधिक उचित होय.