आश्रय आणि अधिकार

दुर्बलांवरील अन्याय दाखविणें हें वाङ्मयाचें जुनें काम आहे. परंतु असा अन्याय दाखविणाऱ्या लेखकाची खरी कसोटी कोणती, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. परक्याच्या घरांतील जुलूम कोणासही दिसतो. ज्या पक्षाचें आपण मीठ खातों त्याच्या हातांतील सत्तेकडेही लेखक त्याच डोळ्यांनीं पाहतो कीं नाहीं, हा प्रश्न अधिक कठीण आहे. मराठी ख्रिस्ती लेखकांचें या विषयावरील लेखन या कसोटीस लावून पाहण्याजोगें आहे. कारण ही कसोटी त्यांच्याच धर्मग्रंथानें घालून दिलेली आहे. दावीद राजानें उरीयाची बायको हरण केली व त्याला युद्धांत मारविलें, तेव्हां नाथान संदेष्टा पुढें आला. आणि श्रीमंतानें गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावल्याची कथा सांगून त्यानें राजाच्याच तोंडून निवाडा वदविला. नाथानानें शत्रूच्या राजाला दोष दिला नाहीं, स्वतःच्या राजाला दिला. या कथेचें सारें तेज तेथेंच आहे.

या दृष्टीनें प्रथम बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ घेऊं. विधवाविवाहाचा कायदा होऊन एकच वर्ष लोटलें असतां, 1857 सालीं निघालेलें हें पुस्तक मराठींतील पहिली कादंबरी म्हणून ओळखलें जातें. यमुना व तिचा पति विनायक प्रवासास निघतात, आणि वाटेंत भेटणाऱ्या विधवांच्या हकीगतींतून कथा पुढें सरकते. पुढें विनायकास मृत्यु येतो, आणि जी इतरांचें दुःख पाहत होती तीच त्या दुःखाची धनीण होते. ही योजना साधी पण मर्मभेदक आहे. विधवेचा छळ हा कोणा एका दुष्टाचा खेळ नसून रूढि, धर्माज्ञा आणि घरांतील वडीलकी यांनीं मिळून चालविलेला व्यवहार आहे, हें बाबांनीं नीट ओळखलें. परंतु यमुना बाप्तिस्मा घेऊन पुनर्विवाह करते, तेथें त्यांचा प्रश्न संपतो. ख्रिस्ती मंडळींत, मिशनच्या साहेबाच्या हाताखालीं, दुर्बलाची स्थिति काय होईल हें विचारण्याचें कारण त्यांस वाटत नाहीं. सासरची सत्ता तेवढी सत्ता. आश्रयदात्याची सत्ता म्हणजे निव्वळ कृपा!

पंडिता रमाबाई या मर्यादेपलीकडे जातात. 1887 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या त्यांच्या ग्रंथांत शास्त्र व रूढि यांजबरोबर सरकारी न्यायालयावरही बोट ठेविलें आहे. पतीकडे जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असें रखमाबाईंस सांगणारें न्यायासन इंग्रजांचें होतें. तथापि बाईंची खरी योग्यता त्यांच्या पत्रव्यवहारांत दिसते. सिस्टर जेराल्डिन यांनीं जमविलेला हा संग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं 1977 सालीं प्रसिद्ध झाला. 1883 सालीं वाँटेज येथें बाईंनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर थोड्याच काळांत, चेल्टनहॅम येथें त्यांनीं पुरुषांस शिकवूं नये, अशी हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. परदेशांत, लहान मुलीसह, दुसऱ्यांच्या आधारानें राहणाऱ्या या विधवेनें आपला विवेक धर्माधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचें साफ नाकारलें. पुढें 1897 सालच्या प्लेगांत, पुण्याच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या हालांविषयीं त्यांनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत जाहीर तक्रार केली व सरकारचा रोष पत्करला. ख्रिस्ती सरकारास ख्रिस्ती बाईनें विचारलेला हा जाब नाथानाच्या जातीचा आहे.

परंतु समीक्षकानें येथेंच थांबूं नये. 1889 सालीं मुंबईंत निघालेलें व पुढच्याच वर्षीं पुण्यास आलेलें शारदासदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील, असें आश्वासन होतें. मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या. 1893 सालीं वाद पेटला. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि अनेक मुली पालकांनीं काढून नेल्या. बाईंचें म्हणणें असें कीं, आपण कोणास बोलावीत नाहीं, फक्त दार लावून घेत नाहीं. हें म्हणणें प्रामाणिक होतें, याविषयीं मला शंका नाहीं. तरी जिचें अन्न, वस्त्र, विद्या आणि माया हीं सर्व एकाच व्यक्तीच्या हातीं आहेत, तिच्यापुढील उघडें दार कितपत मोकळें असतें? बिशपास बाई ‘नाहीं’ म्हणूं शकल्या; तसें बाईंस म्हणण्याचें बळ त्या मुलीस कोठून यावें? आणि ज्यांनीं मुली परत नेल्या त्यांनीं तरी त्यांची इच्छा कोठें विचारली? केडगांवच्या मुक्तिसदनानें दुष्काळांतील शेंकडों मुलींचे प्राण वाचविले. हें ऋण फार मोठें आहे. पण तेवढ्यानें हा प्रश्न लहान होत नाहीं.

तो किती मोठा आहे, हें पुढें जगानें पाहिलें. 2002 सालीं बॉस्टन येथील वृत्तपत्रानें, पाद्र्यांनीं केलेला मुलांचा लैंगिक छळ आणि बिशपांनीं त्यावर घातलेलें पांघरूण, दोन्ही उघड केलीं. अशा तक्रारी वरिष्ठांस कळविणें पोप फ्रान्सिस यांनीं धर्मगुरूंस बंधनकारक केलें, तें 2019 सालीं. मेंढपाळच मेंढरें खातात, हा यहेज्केल संदेष्ट्याचा जुना आरोप होता. पण तो स्वतःच्या मठास लावण्यास इतकीं शतकें लागलीं.

केडगांव पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील सपाटीवर, तर हा लेख ज्या विंझर गांवीं लिहितों तें त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, राजगडाच्या परिसरांत. कोठीच्या किल्ल्या एकाच्या कमरेस आणि भूक दुसऱ्याच्या पोटांत, ही स्थिति या दोन टोकांमधील कोणत्याच गांवास परकी नाहीं. घरीं ठेवलेली अनाथ भाची, कामावरचें पोर, गुणांसाठीं प्राध्यापकाच्या तोंडाकडे पाहणारा विद्यार्थी, हे सर्व आपल्या आश्रयास असतात. त्यांस आपण काय दिलें याचा हिशेब आपण ठेवतोंच. त्यांस आपल्याविरुद्ध बोलतां येतें काय, हेंही वाचकांनीं एकदां आपल्या घरीं पाहावें. रमाबाईंचीं पत्रें वाचण्याचें खरें फळ तें आहे.