सार्वजनिक म्हणजे नेमके कोणाचे? चार्जिंग केंद्रांच्या निमित्ताने

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आज या शब्दाची परीक्षा एका ताज्या वस्तूवर घ्यायची आहे. ती वस्तू म्हणजे विजेच्या गाड्यांचे सार्वजनिक चार्जिंग केंद्र. तत्त्वज्ञानाच्या माणसाने चार्जरवर का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. पाटीवर ‘सार्वजनिक’ असे लिहिले की प्रश्न आमच्या अंगणात येतो.

आधी एक अनुभव सांगतो. दिवाळीनंतर एका माजी विद्यार्थ्याच्या गाडीतून आम्ही पुण्याहून कोल्हापूरला निघालो. कराडच्या अलीकडे बॅटरी वीस टक्क्यांवर आली. अ‍ॅपमध्ये जवळच एक हिरवा ठिपका दिसत होता. पोहोचलो, तर यंत्राचा पडदा काळा. शेजारचा चहावाला म्हणाला, “काका, तीन दिवस झाले, बंदच हाय.” म्हणजे बघा, चहावाल्याला जे माहीत होते ते अ‍ॅपला माहीत नव्हते. पुढच्या केंद्रावर यंत्र चालू होते, पण त्याचे अ‍ॅप वेगळे. ते उतरवून घ्या, ओटीपी टाका, वॉलेटमध्ये आगाऊ पैसे भरा. आणि तिथे मोबाइलला रेंज नाही! अखेर एका धाबेवाल्याने आपल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावू दिली. तीन तासांत कोल्हापूर गाठण्यापुरती वीज मिळाली.

आता यातला विचार पाहू. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत किमान एक केंद्र आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक, असे प्रमाण होते. वाचायला नीटनेटके आहे. पण हे मोजमाप अंतराचे आहे, वेळेचे नाही. पेट्रोल पाच मिनिटांत भरते, म्हणून पंपाला अंतराचा हिशेब पुरतो. चार्जिंगला तासभर लागला आणि पुढे तीन गाड्या उभ्या असल्या, तर केंद्र दोन किलोमीटरवर असूनही आपल्यापासून तीन तास दूर असते. त्यात बॅटरी ऐंशी टक्क्यांपुढे गेली की वेग आणखी मंदावतो. जुन्या वस्तूची मोजपट्टी नव्या वस्तूला लावली की अशी चूक होते.

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९च्या ग्रंथात आपल्याच परंपरेतले दोन शब्द वापरून एक भेद मांडला आहे: नीती आणि न्याय. नीती म्हणजे नियम आणि संस्था यांची नीट रचना. न्याय म्हणजे त्या रचनेतून माणसांच्या आयुष्यात प्रत्यक्ष काय उतरले ते. किती चार्जर बसवले, हा नीतीचा आकडा झाला. आलेल्या किती जणांची गाडी भरून निघाली, हा न्यायाचा आकडा. पहिल्या आकड्याची घोषणा होते, दुसरा कोणी विचारतच नाही.

महाराष्ट्राला हा भेद शिकायला दूर जायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना आणि त्यांच्यासोबतच्या लोकांना तळ्यावर चालत जावे लागले. उलट, महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा खाजगी हौद अस्पृश्यांना खुला केला. तो अन्याय आणि आमची गैरसोय यांची तुलना आम्ही मुळीच करत नाही. तशी करणे अशोभनीय ठरेल. घ्यायचा आहे तो शब्दाचा धडा. पाटीने कोणतीच गोष्ट सार्वजनिक होत नाही, वापराने होते.

आणि इथेही प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. ज्याच्याकडे स्वतःचे पार्किंग आहे तो रात्री घरच्या दराने गाडी भरतो. विजेच्या त्या बिलावर जीएसटी नाही. जो वाड्यात, चाळीत किंवा पार्किंग नसलेल्या सोसायटीत राहतो, त्याला बाहेरच जावे लागते. तिथे चार्जिंग ही ‘सेवा’ ठरते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. गाडीवरचा कर २०१९ साली १२वरून ५ टक्क्यांवर आणला. म्हणजे गाडी घेणाऱ्याला सवलत मिळाली, पण जागा नसलेल्याला रोज जास्त पैसे मोजावे लागतात. ज्याला सार्वजनिक सोयीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती महाग. रिक्षावाल्याचा आणि घरोघरी सामान पोचवणाऱ्या पोराचा तर यात अर्ध्या दिवसाचा धंदा बुडतो.

यावर एक आक्षेप येईल: “सर, व्यवस्था नवी आहे. थोडा वेळ द्या.” आक्षेप रास्त आहे. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, त्यासाठी परवाना नको, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली केला, म्हणून तर खाजगी पैसा आला. ते चांगलेच झाले. पण पेट्रोल पंपावर निदान एक माणूस उभा असतो. चार्जरजवळ कोणी नसते. गाड्या कमी म्हणून कमाई कमी, कमाई कमी म्हणून देखभाल नाही, देखभाल नाही म्हणून भरवसा नाही, आणि भरवसा नाही म्हणून गाड्या कमी. हे चक्र नुसता वेळ दिल्याने तुटत नाही. अनुदान यंत्र बसवण्यावर संपते तोवर ते असेच फिरत राहील.

म्हणून आमचे म्हणणे तीन वाक्यांत. अनुदानाचा काही हिस्सा यंत्र प्रत्यक्ष किती तास चालू राहिले त्यावर द्यावा. कोणत्याही केंद्रावर अ‍ॅपशिवाय, साध्या कार्डाने किंवा यूपीआयने पैसे देता यावेत. आणि घरी पार्किंग नसलेल्यांच्या वस्तीत केंद्रे आधी उभारावीत, मॉलच्या तळघरात नंतर.

त्या धाबेवाल्याने विजेचे पैसे घेतले, चहाचे घेतले नाहीत. त्याच्या सॉकेटवर कसलीच पाटी नव्हती. त्या दिवशी आम्हाला सापडलेले सार्वजनिक केंद्र तेवढे एकच. आता आपले प्रश्न घेऊ.