शिवेचा तंटा आणि मिस्रा

दोन देशांमधल्या सीमातंट्यावर आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा बहुधा दोन प्रश्न विचारले जातात. जमीन कोणाची, आणि बाहेरून आलेल्या फौजा कोणाच्या बाजूने उभ्या राहिल्या. तंटा हरल्यावर फितूर म्हणून कोणाला धरले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नुरुद्दीन फराह या सोमाली लेखकाची १९८६ साली प्रसिद्ध झालेली 'मॅप्स' ही इंग्रजी कादंबरी तो विचारते. म्हणून ती दलित वाचकाने वाचली पाहिजे असे माझे मत आहे. ती अर्ध्या वाटेवर थांबते, असेही माझे मत आहे.

कादंबरीची भूमी ओगादेन. इथिओपियाच्या पूर्वेकडील हा कोरडा मुलूख, उंट-शेळ्या पाळणाऱ्या सोमाली लोकांचा. युरोपीय सत्ता आफ्रिका वाटून घेत होत्या तेव्हा इथिओपियाचा मेनेलिकही त्या वाटणीत उतरला. १८८७ मध्ये त्याने हरार जिंकले. १८९७ मध्ये इंग्रजांनी त्याच्याशी तह केला. ज्यांच्या कुरणांवरून रेघ ओढली गेली त्यांना त्या तहाची खबरही नव्हती. १९६० साली सोमालिया स्वतंत्र झाला, त्याच्या निळ्या झेंड्यावर पाच टोकांचा तारा आला. पैकी दोनच टोके हाती होती; ओगादेन, जिबूती आणि केनियाचा ईशान्य भाग बाहेर राहिला. वसाहतकाळातील सीमा जशा आहेत तशा मानाव्यात, असा ठराव आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ मध्ये केला. सोमालियाने तो नाकारला. १९७७ च्या जुलैत सियाद बारेच्या फौजा ओगादेनात शिरल्या.

पुढे जे घडले ते तत्त्वाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी नीट वाचावे. इथिओपियाला १९५३ पासून अमेरिका शस्त्रे देत होती. सोमालियाला सोव्हिएत रशिया देत होता, १९७४ मध्ये त्यांचा मैत्रीचा करारही झाला होता. त्याच वर्षी इथिओपियाचा सम्राट पदच्युत झाला आणि पुढे मेंगिस्तूची लष्करशाही डावीकडे वळली. मार्च १९७७ मध्ये कास्ट्रोने एडन येथे दोघांना समोरासमोर बसवून समाजवादी संघराज्याची कल्पना मांडली. ती फसली. नोव्हेंबरात सियाद बारेने करार मोडून सोव्हिएत सल्लागारांना हाकलले. त्यानंतर सोव्हिएत विमानांनी इथिओपियात शस्त्रे उतरवली, क्यूबाचे दहा हजारांहून अधिक सैनिक आले, दक्षिण येमेनच्या तुकड्याही आल्या. सप्टेंबर १९७७ मध्ये सोमालियाने घेतलेले जिजिगा मार्च १९७८ मध्ये गेले आणि सोमाली फौजा मागे फिरल्या. शेवटी शेवटी दोन्ही बाजूंना सोव्हिएत रणगाडे होते. १९८० मध्ये अमेरिकेने सोमालियाशी करार करून बर्बेरा बंदराची सोय मिळवली. तिथे आधी सोव्हिएत नौदल होते. घरे बदलली, भाडेकरू तेच.

क्यूबाने आक्रमण परतवले की लष्करशाही वाचवली, यावर आमचे काही पुरोगामी मित्र अजून वाद घालतात. मला दोन्ही खरे वाटते. अंगोलात वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या फौजेला तोंड देणाऱ्या क्यूबन सैनिकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ज्या मेंगिस्तूसाठी ते ओगादेनात लढले तो त्याच काळात 'लाल दहशत' चालवून आपल्याच विद्यार्थ्यांना गोळ्या घालीत होता, हे विसरून आदर करता येत नाही.

आता कादंबरीकडे येतो. अस्कर हा ओगादेनमधील सोमाली मुलगा. बाप मुक्तिलढ्यात मेलेला, आई बाळंतपणातच गेलेली. त्याला उचलून घेते, वाढवते ती मिस्रा. ती सोमाली नाही. ओरोमो आईची, लहानपणी पळवून आणलेली, कुठल्याच कुळात न बसणारी बाई. ती अस्करच्या चुलत्याच्या घरी मोलकरणीसारखी राबते. हा चुलता रात्री तिच्याकडे येतो, दिवसा तिला घरची मानीत नाही. मुलगा तिच्या अंगाला चिकटून वाढतो. पुढे युद्ध पेटते, मुलाला मोगादिशूला मामाकडे धाडले जाते. मामा शिकलेला, सुसंस्कृत, प्राध्यापकी वळणाचा माणूस. तिथे मुलाला ओळखपत्र मिळते, भिंतीवर नकाशे येतात. त्या ओळखपत्रावर मिस्राला जागा नाही. पराभवानंतर बातमी येते की तिने मुक्तिसैनिकांचा ठावठिकाणा शत्रूला दिला. ती मोगादिशूला येते, तिचा एक स्तन शस्त्रक्रियेने काढावा लागतो, इस्पितळातून तिला पळवले जाते, आणि तिचे प्रेत सापडते.

मी ही कथा वर्गात सांगितली तेव्हा मुलांनी पहिला प्रश्न विचारला: "सर, पण तिने खरंच फितुरी केली का?" फराह याचे उत्तर देत नाही. त्याचे हे मौन मला कादंबरीतील सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते. सोव्हिएत विमाने, क्यूबन तुकड्या आणि आपल्याच हुकूमशहाचे साहस यांनी हरवलेल्या युद्धाला एक फितूर हवा होता. मोठ्या कुळातला माणूस फितूर ठरला तर कुळ विचारायला येते. मिस्राच्या मागे विचारायला येणारे कोणी नव्हते. पुरावा पाहायची गरज कोणाला वाटली नाही.

आपल्याकडची एक रीत इथे आठवते. दोन गावांत शिवेचा तंटा निघाला की महाराला बोलावीत. तो चालत जाऊन शीव दाखवी, ती पाटील-कुलकर्णी मान्य करीत. गावाची हद्द त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. शीव दाखवून झाल्यावर तो परत जाई तो वेशीबाहेर. माझ्या आज्याने हे काम केले होते. तो ते अभिमानाने सांगायचा, आणि मला त्या अभिमानाचे काय करावे हे अजून कळलेले नाही. मिस्राही अशीच आहे. अस्करला सोमाली भाषेतले पहिले शब्द तिच्याच सहवासात मिळतात, आणि सोमाली कोण हे ठरवताना मामा भाषेचाच निकष लावतो. तिचे उच्चार वेगळे आहेत म्हणून ती बाहेर. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात घटनासमितीला विचारले होते. एक भाषा, एक धर्म असलेल्या सोमालियालाही हा प्रश्न लागू पडतो, आणि तो लागू करताना फराह डगमगत नाही.

माझा आक्षेप रचनेवर आहे. प्रकरणे आळीपाळीने 'तू', 'मी' आणि 'तो' या तीन पुरुषांत लिहिली आहेत. इंग्रजी समीक्षकांना या प्रयोगाचे मोठे कौतुक. पण हा 'तू' अस्कर, 'मी' अस्कर, 'तो'ही अस्कर. तीन पुरुष एकाच मुलाला मिळाले, मिस्राला एकही 'मी' मिळाला नाही. तिचे रक्त, तिचे दूध न आलेले स्तन, तिची स्वप्ने, सगळे त्या मुलाच्या दुभंगलेल्या मनाचे रूपक होते. ज्या बाईला राष्ट्राने वापरून टाकले तिला कादंबरीही काही अंशी वापरते. आपली आत्मकथने घडणीने ओबडधोबड आहेत असे म्हणणाऱ्यांनी हे ताडून पाहावे; त्यांत निदान सोसणारा स्वतः बोलतो.

फराहला हे समजले नसेल असे मी म्हणणार नाही. तो स्वतः ओगादेनमधील कल्लाफो येथे वाढला, सीमेवरील लढाईमुळे त्याच्या कुटुंबाला तिथून निघावे लागले. पुढे तो चंदीगडला पंजाब विद्यापीठात शिकला, आणि सियाद बारेच्या राजवटीमुळे त्याला दीर्घकाळ परदेशी राहावे लागले. दोन्ही हुकूमशहांनी १९८८ मध्ये आपापल्या खुर्च्या सांभाळण्यासाठी समझोता केला आणि १९९१ मध्ये दोघेही गेले.

सोमाली समाजात लोहारकाम करणारे तुमाल आहेत, ताईत करणारे यिबिर आहेत, कातड्याचे काम आणि हजामत करणारे, ज्यांना तुच्छतेने मिड्गान म्हणतात ते आहेत. मोठी कुळे त्यांच्याशी सोयरीक करीत नाहीत. पाच टोकांच्या त्या ताऱ्याबद्दल, आणि त्याच्यासाठी लढल्या गेलेल्या युद्धाबद्दल, त्यांच्यापैकी कोणी स्वतः लिहिले असेल तर ते मला वाचायचे आहे. वाचकांपैकी कोणाच्या हाती लागले तर या त्रैमासिकाकडे जरूर पाठवावे.