'वॉकआउट' : मागणीपत्रातली शाळा

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या वाचनालयाच्या माडीवर नववी-दहावीच्या मुलांना एडवर्ड जेम्स ओल्मोस यांचा 'वॉकआउट' हा चित्रपट दाखवला. संवाद इंग्रजी, मधूनच स्पॅनिश. थांबवून थांबवून मराठीत सांगावे लागत होते. दोघींना कानडीत सांगितले तेव्हा लवकर उमगले. चित्रपट संपल्यावर मुले लाठीमाराबद्दल विचारतील, तुरुंगाबद्दल विचारतील, अशी माझी अपेक्षा होती. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग ते संडास उघडले काय शेवटी?"

चित्रपटात या प्रश्नाचे उत्तर नाही. हा लेख लिहायला तो प्रश्नच कारण झाला.

'वॉकआउट' एचबीओ या अमेरिकन वाहिनीने मार्च २००६ मध्ये दाखवला. कथा घडलेली आहे. मार्च १९६८ मध्ये लॉस एंजलिस शहराच्या पूर्व भागातल्या सरकारी हायस्कुलांमधून मेक्सिकन वंशाची हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. विल्सन, गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन आणि बेल्मॉन्ट ही त्या शाळांची नावे. सुरुवात विल्सनमध्ये १ मार्चला झाली, तीही ठरल्याप्रमाणे नव्हे : मुख्याध्यापकांनी मुलांचे नाटक ऐनवेळी रद्द केले आणि मुले उठली. पुढच्या आठवड्यात बाकीच्या शाळांत ते पसरले. चित्रपटाने हा सारा काळ पॉला क्रिसोस्टोमो या लिंकन हायस्कूलच्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांनी पाहिला आहे. तिचे काम अलेक्सा वेगाने केले आहे आणि मुलांना बळ देणाऱ्या साल कास्त्रो या शिक्षकाचे मायकेल पेन्याने. या दोघांबद्दल तक्रारीला जागा नाही. पेन्याचा कास्त्रो तर वर्गात फळ्यापाशी उभा राहतो तेव्हा खरा मास्तर वाटतो. हे पडद्यावर फार क्वचित साधते.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकाला या गोष्टीची पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण चित्रपट ती धरूनच चालतो. कॅलिफोर्निया १८४८ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. युद्ध झाले, तह झाला, रेघ सरकली. तिथे जे स्पॅनिश बोलत होते त्यांच्यापैकी पुष्कळांनी घर हलवले नव्हते; राज्य हलले. नव्या राज्याच्या १८४९ च्या घटनेत कायदे इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत छापावेत असे कलम होते. १८७९ च्या घटनेतून ते गेले. शाळांत शिकवणे इंग्रजीतच हवे हा नियम १८७२ चा. तो १९६७ मध्ये उठला, म्हणजे मुले रस्त्यावर येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. कागदावरचा नियम उठला तरी वर्गातली सवय उठत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या पोराला शिक्षा करणे ही सवय होती आणि शिक्षा म्हणून झाडू हातात देणे ही दुसरी. गारफील्डमध्ये निम्म्याहून अधिक मुले शिक्षण पुरे न करताच शाळा सोडत. उरलेल्या मुलांना समुपदेशक सांगत, मोटारदुरुस्ती शीक, टंकलेखन शीक. कॉलेजचा फॉर्म त्यांच्यासाठी नव्हे.

ओल्मोस यांनी हे सगळे भाषणात न सांगता वस्तूंमधून दाखवले आहे, आणि चित्रपटाचा पहिला अर्धा भाग त्यामुळे उत्तम झाला आहे. जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या संडासांना कुलूप असते. मुले विनाकारण उभी राहतात, बाया पोरींना सांभाळून घेतात तशा पोरी एकमेकींना सांभाळून घेतात. कॅमेरा त्या कुलपावर रेंगाळत नाही. रेंगाळला असता तर ते प्रतीक झाले असते. रेंगाळत नाही म्हणून ते कुलूपच राहते.

त्याहून चांगला भाग प्रश्नावलीचा. पॉला आणि तिचे सोबती एक पत्रक तयार करून मुलांमध्ये वाटतात : तुमच्या शाळेत काय बदलायला हवे? आंदोलनाच्या चित्रपटात सहसा आधी संताप असतो आणि मागण्या मागून येतात. इथे आधी फॉर्म आहे. घोषणेच्या आधी चौकशी. ते उत्तरांचे गठ्ठे घेऊन मुले शाळाखात्याकडे जातात, तिथे त्यांना बाहेरची वाट दाखवली जाते, आणि मगच वर्ग सोडण्याची भाषा सुरू होते. उपस्थितीवर शाळेला सरकारी पैसा मिळतो, म्हणून हजेरीच्या वेळी बाक रिकामे असले की शाळेच्या खिशाला चाट बसते, हे व्यवहाराचे गणितही मुलांना कळलेले आहे. आपल्याकडे 'मुलांनी अभ्यास करावा, राजकारण करू नये' असे म्हणणारे पालक पुष्कळ; त्यांनी हा भाग अवश्य पाहावा. यात राजकारण दिसते त्यापेक्षा हिशेब जास्त दिसतो.

पॉलाच्या वडिलांचे पात्रही याच भागात उभे राहते. ते फिलिपिनो आहेत, आई मेक्सिकन. 'तू फक्त पदवी घे, बाकीच्या भानगडीत पडू नकोस' हे त्यांचे म्हणणे पटकथेने खलनायकी केलेले नाही. ज्या घरात राज्याची भाषा एक, चुलीची दुसरी आणि नोकरीची तिसरी असते, तिथला बाप असाच बोलतो. आपल्या जिल्ह्यात हा बाप शोधायला लांब जावे लागत नाही.

इथवर मी चित्रपटाच्या बाजूने आहे. पण पोलीस आले की चित्रपट बदलतो. लाठ्या बसतात, डोकी फुटतात. ते घडले होते, दाखवायलाच हवे होते. मात्र त्यानंतर मागणीपत्र कुठेतरी खाली पडते आणि पुन्हा कुणी उचलत नाही. प्रश्न 'शाळा कशी असावी' हा होता. तो 'मुलांना मारले, त्यांची माणुसकी नाकारली' असा होतो. दुसरा प्रश्न मोठा खराच. पण पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला पैसे लागतात, दुसऱ्याला टाळ्या पुरतात.

प्रत्यक्ष इतिहासात काय झाले? शाळाखात्याच्या मंडळाने मार्चच्या अखेरीस लिंकन हायस्कूलमध्येच खास सभा घेतली. हजाराहून अधिक माणसे जमली. मुलांच्या बहुतेक मागण्या रास्त आहेत असे मंडळाने मानले आणि पैसे नाहीत म्हणून हात वर केले. मंडळात मेक्सिकन वंशाचे एकच सभासद होते, हुलियन नावा, नुकतेच १९६७ मध्ये निवडून आलेले. चित्रपटात त्यांची भूमिका स्वतः ओल्मोस यांनी केली आहे. या माणसाची कोंडी (आपल्याच मुलांसमोर बसून मंडळाचे म्हणणे मांडायचे) हा एका स्वतंत्र चित्रपटाचा ऐवज होता. ओल्मोस दिग्दर्शक म्हणून तिथे घाई करतात. नट म्हणून त्यांनी थोडे थांबावे असे सारखे वाटत राहते.

जूनच्या सुमारास कास्त्रो आणि आणखी बारा जणांवर कटाचा आरोप ठेवून त्यांना पकडले. तेराजणांत मोक्तेसूमा एस्पार्झा होते; पुढे तेच या चित्रपटाचे निर्माते. (त्यांचे काम ओल्मोस यांच्या मुलाने, बोडीने, केले आहे. घरचे कार्य म्हणतात ते हे.) कास्त्रोंना वर्गातून काढले तेव्हा लोकांनी मंडळाच्या सभागृहात कित्येक दिवस ठिय्या दिला आणि त्यांना परत घ्यावे लागले. खटला १९७० मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला. कास्त्रो पुढेही शिक्षकच राहिले, २०१३ मध्ये वारले.

चित्रपट मात्र अटकेच्या, सुटकेच्या आणि मिठ्या मारण्याच्या प्रसंगांवर संपतो, आणि पुढे महाविद्यालयांत जाणाऱ्या मेक्सिकन मुलांची संख्या वाढली असे आपल्याला सांगतो. वाढली, हे खरेच. पण मुलांनी मागितले होते ते शाळेतून बाहेर पडून वर जाणाऱ्यांसाठी नव्हते. आत राहणाऱ्यांसाठी होते. यशाचे माप बदलले हे कुणाच्या लक्षात येत नाही, इतके ते हळूच बदलले आहे. त्या नववीतल्या मुलीच्या मात्र लक्षात आले.

भाषेबद्दल तर मला याहून मोठी तक्रार आहे. ज्या भाषेसाठी शिक्षा झाली ती भाषा या चित्रपटात फोडणीपुरती आहे. घरात एखादे वाक्य, रागात एखादा शब्द, घोषणेत एखादी हाळी. मुले प्रेम करतात, भांडतात, बेत आखतात ते इंग्रजीत. अमेरिकन वाहिनीची गरज समजू शकते. शिवाय त्या पिढीतली बरीच मुले आपसात इंग्रजीच बोलत, हेही मान्य. पण मग दोन भाषांमधून एकाच वाक्यात येजा करणारे मूल दाखवायला काय हरकत होती? दुभाषी घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे की आपण भाषा बदलतो ते नकळत, ताटातला घास बदलावा तसे. ती येजाच तर त्या शाळांमध्ये गुन्हा ठरत होती. कास्त्रोंच्याच आयुष्यातला एक प्रसंग आठवतो. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते बेल्मॉन्टला असताना त्यांच्या मुलांनी शाळेच्या निवडणुकीत भाषणाचा थोडा भाग स्पॅनिशमध्ये केला. सभा थांबवली गेली आणि कास्त्रोंची बदली लिंकनला झाली. अख्खा चित्रपट जे सांगू पाहतो ते या एका प्रसंगात आहे.

आणखी एक. चित्रपट निघाला तेव्हा कॅलिफोर्नियात द्विभाषिक शिक्षणावर जवळजवळ बंदीच होती. १९९८ मध्ये मतदारांनीच कौल देऊन ती आणली होती, आणि २०१६ मध्ये दुसऱ्या कौलाने ती उठवली. म्हणजे १९६८ च्या मुलांची पहिली मागणी २००६ मध्ये जिंकलेली नव्हती, हरलेली होती. विजयाचे संगीत वाजत असताना प्रेक्षकाला हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे पाहिले तर तुलना सरळ जुळत नाही, ओढूनताणून जुळवूही नये. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची आठवण ज्या घरांत अजून ओली आहे, त्यांना लाठीमाराची दृश्ये परकी वाटणार नाहीत. पण आपला लढा मोठ्यांनी चालवला, आणि तो आपण कोणत्या राज्यात असावे याचा होता. लॉस एंजलिसच्या मुलांना राज्य बदलायचे नव्हते, इंग्रजीही टाकायची नव्हती. इंग्रजी नीट हवी होती, स्पॅनिशही नीट हवी होती, वर्गात मुले कमी हवी होती. आम्ही पाट्यांवरच्या अक्षरांसाठी भांडत असताना आमच्या मराठी शाळांच्या मुताऱ्यांना दार होते की नाही हे कुणी विचारले? माझ्या हायस्कुलात मुली मधल्या सुट्टीत घरी जात आणि त्यांतल्या काही परत येत नसत. मास्तर हजेरीपटावर फुली मारत आणि पुढे जात. आज तीच घरे मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात, आणि तिथे मराठी बोलल्याबद्दल दंड झाला तर शाळा कडक आहे म्हणून कौतुकाने सांगतात.

त्या तीसहून अधिक मागण्यांची यादी चित्रपट पाहिल्यावर मिळवून वाचावी. पुस्तकांत आपला इतिहास यावा, मुख्याध्यापकांनी स्पॅनिश शिकावी, ग्रंथालये वाढवावीत, पोहण्याचे तलाव व्हावेत, संडास शाळेच्या वेळात उघडे असावेत. मध्येच एक कलम जेवणघराचे आहे. तिथे मेक्सिकन पदार्थ जास्त असावेत, आणि ते रांधताना लक्ष ठेवायला आयांना शाळेत येऊ द्यावे. हे कलम मुलांना वाचून दाखवले तेव्हा पोरे हसली, आणि त्या मुलीने मागच्या बाकावर बसलेल्या आपल्या आईकडे वळून पाहिले.